तेरावा धडा आणि चौसष्ट खटके

अकरावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात तेरावा धडा अणूच्या केंद्रकाचा आहे. यावलच्या त्या कनिष्ठ महाविद्यालयात तो कुणी शिकवल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. विभागप्रमुख महाजन सर दर वर्षी जानेवारीत फळ्यावर धड्याचं नाव लिहायचे, खाली 'घरी वाचा' असं लिहायचे आणि हात झटकून पुढच्या धड्याकडे वळायचे. त्यांची बावीस वर्षं अशीच गेली होती.

त्या वर्षी जूनमध्ये सारिका देवरे तिथे तासिका तत्त्वावर लागली. म्हणजे पुढच्या वर्षी बोलावतील की नाही, हे कुणी सांगणार नाही आणि आपणही विचारायचं नाही. ती धुळ्याकडची, सोनगीरची. यावलला पुष्पाबाई म्हणून एक विधवा बाई होत्या, त्यांच्याकडे एक खोली घेऊन राहायची. नव्या माणसाच्या वाट्याला नको असलेलं काम येतं, तसा जानेवारीत तेरावा धडा तिच्या वाट्याला आला.

"दोन तासांत उरका मॅडम," महाजन सर म्हणाले. "मुलांना त्यात रस नसतो."

पहिल्या तासाला सारिकाने फळ्यावर समीकरण लिहिलं. युरेनियमच्या केंद्रकावर एक न्यूट्रॉन आदळतो, केंद्रक दुभंगतं, बेरियम आणि क्रिप्टॉन तयार होतात, शिवाय तीन न्यूट्रॉन मोकळे सुटतात. हे फिशन, म्हणजे विखंडन. ती मागे वळली तर तिसऱ्या बाकावरची ललिता पावरा उभी होती. ललिता सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरची. आठवडाभर वसतिगृहात राहायची आणि शनिवारी दुपारच्या बसने घरी जायची. एरवी फार बोलणारी नव्हती.

"मॅडम, पहिल्या धड्यात तुम्हीच सांगितलं होतं, अभिक्रियेत मूलद्रव्य बदलत नाही. नुसत्या जोड्या बदलतात."

"हो, सांगितलं होतं."

"मग युरेनियमचं बेरियम कसं झालं? आणि होत असेल तर हा धडा फिजिक्सच्या पुस्तकात का नाही?"

वर्ग हसला. सारिकाला मात्र प्रश्न आवडला. एम.एस्सी.ला असताना तिलाही हाच पडला होता, आणि तेव्हा तो विचारायचं धाडस झालं नव्हतं.

"आपण आतापर्यंत जे शिकलो त्यात सगळी देवाणघेवाण बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची होती," ती म्हणाली. "केंद्रकाला कुणी हात लावत नव्हतं. इथे थेट केंद्रकच फुटतं, म्हणून मूलद्रव्य बदलतं. बेरीज करून बघ. युरेनियमचा क्रमांक ब्याण्णव. बेरियम छप्पन्न, क्रिप्टॉन छत्तीस."

ललिताने मनात बेरीज केली आणि मान हलवली.

"आणि केमिस्ट्रीच्या पुस्तकात का, तर हे सापडलं ते केमिस्ट्रीवाल्यांनाच. नव्वदेक वर्षांपूर्वी जर्मनीत दोघांनी युरेनियमवर न्यूट्रॉन सोडले. त्यांना वाटलं, युरेनियमच्या शेजारपाजारचं काहीतरी निघेल. वेगळं करून बघितलं तर बेरियम. आपलंच चुकलं म्हणून पुन्हा केलं, तर पुन्हा बेरियम. ते बेरियमच आहे हे छातीठोकपणे सांगायला केमिस्टच लागतो."

ललिता खाली बसली आणि लगेच परत उठली. "पण एक अणू फुटून बॉम्बचा एवढा मोठा स्फोट कसा होईल?"

मग सारिकाने साखळी अभिक्रियेची आकृती काढली. एकातून तीन, तीनातून नऊ, नवातून सत्तावीस. साठ मुलांनी ती पट्टी घेऊन वहीत उतरवली. बाण सरळ, गोल एकसारखे, खाली रेघ मारून नाव. तास संपल्यावर चार-पाच वह्या चाळताना सारिकाला कसंसंच वाटलं. आकृती सगळ्यांची बरोबर होती, पण ती काढताना कुणाच्या चेहऱ्यावर काही हललं नव्हतं. ललितासुद्धा शिसपेन्सिलीला टोक करत बसली होती.

संध्याकाळी पुष्पाबाईंच्या ओट्यावर भाजी निवडताना तिला खटक्यांची युक्ती आठवली. कुठल्याशा व्हिडिओत पाहिली होती. उंदीर मारायचे स्प्रिंगचे सापळे शेजारी शेजारी मांडायचे, प्रत्येकावर दोन चेंडू ठेवायचे आणि वरून एक चेंडू टाकायचा. एक सापळा उडाला की दोन चेंडू उडतात, ते आणखी दोन सापळे उडवतात.

दुसऱ्या दिवशी ती रतिलालच्या दुकानात गेली. रतिलालचं दुकान यावलच्या मुख्य रस्त्यावर. तिथे दोरखंडापासून कंदिलाच्या काचेपर्यंत सगळं मिळतं.

"उंदराचे सापळे पाहिजेत. पिंजरा नको, लाकडी पट्टीवरचा खटका असतो ना, तो."

"किती देऊ ताई? एक पुरे होईल."

"चौसष्ट."

रतिलालने गल्ल्यावरचा हात उचलला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "कुठे राहता तुम्ही?"

"कॉलेजला पाहिजेत. प्रयोगशाळेत."

"अस्सं," रतिलाल म्हणाला. तो दिलदार माणूस होता. जळगावहून मागवून देतो, वापरून झाले की परत करा, मोडले तेवढेच ठेवा, असं म्हणाला. पण त्याच्या दुकानात तेव्हा आणखी चार गिऱ्हाइकं उभी होती.

दोन दिवसांत अर्ध्या यावलला माहीत झालं होतं की कॉलेजच्या प्रयोगशाळेत उंदरांचा सुळसुळाट झाला आहे. मुलींच्या वसतिगृहात दोन पालकांचे फोन आले. सोनगीरहून आईचाही आला. आई प्रमिलाबाई आणि घरमालकीण पुष्पाबाई यांचं आठवड्यातून एकदा बोलणं व्हायचं आणि त्यात सारिकाचं सगळं निघायचं.

"तुले कालेजमा उंदरं धराले ठेयेल शे का व?" आईने अहिराणीत विचारलं.

"नही व माय. त्या सापळा अणू शिकाडाले लागतस."

मग आई म्हणाली, "जेवन करी ले," आणि फोन ठेवला.

महाजन सरांनी तिला खोलीत बोलावलं. ते रागावलेले नव्हते, चिंतेत होते. "मॅडम, प्रयोगशाळेत उंदीर किती आहेत?"

"एकही नाही, सर."

"मग चौसष्ट सापळे?"

तिने सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, शर्टाच्या खिशात ठेवला. "दोन मार्कांसाठी?" असं एवढंच म्हणाले. नाही मात्र म्हणाले नाहीत. सारिकाने ती परवानगी समजली आणि ते मत बदलायच्या आत खोलीबाहेर पडली.

आता चेंडूंचा प्रश्न होता. टेबल टेनिसचे हलके चेंडू लागणार होते, तेही सव्वाशेच्या वर, आणि यावलमध्ये एवढे कुठले. हे तिने वर्गात बोलून दाखवलं तेव्हा ललिता म्हणाली, "गजगे चालतील? आमच्या कुंपणाला झाड आहे. शेंगा वाळल्यात आता."

सोमवारी तिने पिशवीभर गजगे आणले. गजगे म्हणजे सागरगोटे, राखाडी, गुळगुळीत, बोटाच्या पेराएवढे. मुलींनी आधी त्यातले पाच-पाच घेऊन बाकावर झेलून बघितले, मग सारिकाकडे दिले.

प्रयोगशाळा परिचर छगनभाऊ हे सगळं दारात उभे राहून बघत होते. त्यांची तिथे सव्वीस वर्षं झाली होती. बाटल्यांवरची चिठ्ठी न वाचता कशात काय आहे ते सांगायचे.

"मॅडम, गजगा त्या पट्टीवर बसनार नाही. गोल हाये, घसरीन," ते म्हणाले.

खरंच घसरत होता. छगनभाऊंनी कपाटातून सोड्याच्या बाटल्यांची जुनी झाकणं काढली. एकेक झाकण खटक्याच्या तारेवर चिकटपट्टीने बसवलं आणि त्यात दोन गजगे ठेवून दाखवले. मग लांबून फूटपट्टीने खटका उडवला. दोन्ही गजगे छतापर्यंत गेले, आणि एक छगनभाऊंच्या टोपीवर येऊन पडला.

"मच्छरदानी लागीन," ते गंभीरपणे म्हणाले.

शनिवारी सकाळी सात वाजता सारिका, छगनभाऊ आणि ललिता प्रयोगशाळेत आले. टेबलं बाजूला सरकवून मधल्या फरशीवर आठ ओळींत आठ-आठ खटके मांडले आणि जागचे हलू नयेत म्हणून दोन्हीकडून चिकटणाऱ्या पट्टीने फरशीला पक्के केले. वरून चार कोपरे बांधून मच्छरदाणी सोडली. मग एकेक खटका ओढून ताणायचा आणि झाकणात दोन गजगे हलकेच ठेवायचे. श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. सारिकाचा अंगठा दोनदा सापडला. पावणेनऊला बासष्ट खटके तयार होते.

तेवढ्यात महाजन सर आले. सूट घातलेला, कारण दहाला त्यांना कुठल्याशा बैठकीला जायचं होतं.

"एवढंच?" त्यांनी विचारलं, आणि नीट दिसावं म्हणून मच्छरदाणीची कड उचलून वाकले.

खिशातला चष्मा पडला.

पुढचं सगळं तीन सेकंदांत झालं. पहिला खटका वाजला तो एकटा ऐकू आला. मग दोन-तीन, आणि मग वेगवेगळे आवाज ऐकूच येईनात. कढईत एकदम मूठभर मोहरी टाकावी तसा तडतडाट झाला, पण कढई खोलीएवढी. मच्छरदाणी आतून फुगल्यासारखी दिसली. गजगे जाळीवर, फरशीवर, भिंतीवर आपटले. त्यातले दोन सरांच्या सुटावर लागले. मग एक उशिराचा खटका वाजला, आणि शांत.

महाजन सर वाकलेलेच होते. दोन तासांचं काम होतं ते. ललिताच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. सारिका मनात म्हणत होती, आता हे म्हणतील, झालं ना, घ्या आवरून.

सर हळूच उभे राहिले. छगनभाऊंनी चष्मा उचलून दिला. काच शाबूत होती.

"एका चष्म्याने?" सर म्हणाले.

"हो सर."

"मी नुसता वाकलो होतो."

"हो सर."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि फरशीवर मांडी घालून बसले. "छगनभाऊ, बैठकीला येत नाही म्हणून फोन करा. मॅडम, हा ताणायचा कसा ते दाखवा."

नऊ वाजता साठ मुलं आली तेव्हा विभागप्रमुख फरशीवर बसून उंदराचे खटके ताणत होते. मुलांना काय चाललंय ते कळेना, पण सर बसलेत म्हटल्यावर तीही बसली. हात जास्त झाले तसं काम पटापट व्हायला लागलं, आणि घोटाळाही तेवढाच. तीस खटके तयार झाले आणि बादल नावाच्या मुलाला शिंक आली. त्याच्या हातातला गजगा सुटला आणि तिसांपैकी एकोणतीस उडाले. पुन्हा लावले. पंचेचाळीस झाले, आणि खुद्द महाजन सरांच्या हातातला खटका निसटला. वर्ग हसायचं की नाही या विचारात असतानाच सर हसले.

"मॅडम," ललिता म्हणाली. ती कितीतरी वेळ मांडणीकडे बघत होती. "एक उडाला की सगळे जातात, कारण मधे काही आडवं नाही. मधे काहीतरी उभं केलं तर? म्हणजे गेली तर एकच ओळ जाईल."

"काय उभं करणार?"

"बाहेर केळीची खोकी पडलीत."

खोकी होतीच. यावलमध्ये केळीचं खोकं शोधावं लागत नाही. मुलांनी ती कापून लांब पुठ्ठे केले आणि दोन ओळींच्या मधे एक याप्रमाणे उभे केले. त्यानंतर आणखी दोनदा कुणाचा तरी हात चुकला, पण दोन्ही वेळा आठाच्या आतच थांबलं. बाकीचे खटके पुठ्ठ्यामागे निवांत होते.

सारिका मधेच उठून उभी राहिली. हे तिने ठरवलेलं नव्हतं. तिला नुसता स्फोट दाखवायचा होता.

"सगळे इकडे बघा. ललिताने आत्ता काय केलं माहीत आहे? अणुभट्टीत नेमकं हेच करतात. तिथे कॅडमियमच्या किंवा बोरॉनच्या दांड्या सोडतात. त्या न्यूट्रॉन गिळतात. दांड्या खाली सोडल्या की साखळी मंदावते, वर ओढल्या की वाढते. प्रत्येक विखंडनातून पुढे एकच न्यूट्रॉन कामाला लागला, तर भट्टी संथ चालत राहते. सगळेच मोकळे सुटले तर काय होतं, ते सरांनी सकाळी पाहिलंय."

"अगदी जवळून," महाजन सर म्हणाले.

साडेदहाला चौसष्ट खटके तयार झाले. पुठ्ठे असतानाच सारिकाने मच्छरदाणीच्या फटीतून एक गजगा एका ओळीत टाकला. त्या ओळीतले सहा उडाले आणि थांबले. ते परत ताणले. मग दोन्ही टोकांना उभं राहून मुलांनी पुठ्ठे एकेक करून वर काढून घेतले, इतक्या हळू की बादलला नाक दाबून धरायला सांगितलं होतं.

शेवटचा गजगा टाकायला ललिताला पुढे केलं. ती म्हणाली, "सरांनी टाकावा." सर म्हणाले, "मी एकदा टाकलाय." मग तिनेच टाकला.

या वेळी सगळ्यांनी पाहिलं. आवाज थांबला आणि वर्गात जो गलका झाला तो ऐकून शेजारच्या वाणिज्य शाखेची मुलं खिडकीशी आली.

ललिता मात्र वाकून मोजत होती. "मॅडम, पाच उडाले नाहीत. पाचही काठाचेच आहेत."

"का असतील?"

तिने विचार केला. "काठाकडे उडालेले गजगे बाहेरच निघून गेले. परत आत आले नाहीत. समजा आपण दहाच खटके मांडले असते, तर बहुतेक सगळेच काठावरचे झाले असते."

"मग साखळी चाललीच नसती," सारिका म्हणाली. "युरेनियमचा तुकडा अगदी लहान असला तर असंच होतं. न्यूट्रॉन बाहेर निसटतात. साखळी चालायला ठरावीक वस्तुमान लागतं, त्याला क्रांतिक वस्तुमान म्हणतात. पुस्तकात त्यावर दोन ओळी आहेत." मुलांनी पुस्तकं उघडली. सांगितलं नव्हतं तरी उघडली.

फ्युजन, म्हणजे संमीलन, राहिलंच होतं. त्यासाठी छगनभाऊंनी स्नेहसंमेलनातल्या जळालेल्या कर्ण्यांमधून दोन गोल लोहचुंबक काढून ठेवले होते. सारिकाने ते बादलला दिले. सारखी टोकं समोरासमोर धरायची, फिरवायची नाहीत आणि चिकटवून दाखवायचं. बादल व्यायामशाळेत जाणारा. त्याने दंड फुगवले, दात आवळले, पण चुंबक हातातून बाजूला सटकत राहिले.

"हायड्रोजनच्या केंद्रकांचंही असंच आहे," ती म्हणाली. "दोघांवरही धन प्रभार, म्हणून ती एकमेकांना ढकलतात. पण प्रचंड वेगाने आदळून अगदी जवळ आली, की दुसरंच एक बळ त्यांना पकडतं आणि ती एक होतात. हेलियम तयार होतं. त्यात थोडं वस्तुमान कमी भरतं आणि त्याची ऊर्जा होते. सूर्य यावरच चालतो. तिथे पोटात दीड कोटी अंश तापमान आहे, वरून भयंकर दाब आहे, म्हणून जमतं."

"मॅडम," मागून छगनभाऊ म्हणाले, "जळगावात मे महिन्यात पंचेचाळीस होते. आपल्याकडे मंग काहून होत नाही?"

वर्ग हसला, पण सारिकाने फळ्यावर सरळ वजाबाकी मांडली. "एक कोटी एकोणपन्नास लाख नव्व्याण्णव हजार नऊशे पंचावन्न अंश कमी पडतात, भाऊ."

छगनभाऊंनी आकडा वाचून बघितला. "मंग आपलं बरंच बरं हाये म्हना," असं म्हणून ते गजगे गोळा करायला लागले.

दोन तासांत उरकायचा धडा नऊ तास चालला. ललिताने फुरसतीत दहा खटके मांडून बघितले. सात वेळा साखळी मधेच विझली, एकदाच पूर्ण गेली, आणि तिने ते वहीत तारखेसह लिहून ठेवलं. बारावीनंतर बी.एस्सी. करायचं आणि केमिस्ट्रीच घ्यायची, असं तिने घरी सांगून टाकलं. आईने विचारलं, त्यात काय शिकतात, तर तिने सांगायला सुरुवात केली आणि तिची शनिवारची संध्याकाळ त्यातच गेली.

एप्रिलच्या शेवटी महाजन सरांनी सारिकाला सांगितलं की पुढच्या वर्षीचे तास तिलाच द्यायचे असं ठरलं आहे. तेरावा धडा तिच्याकडेच राहील, शिवाय आणखी दोन, जे कुणाला नको आहेत. ती खोलीबाहेर पडून जिना उतरेपर्यंत गंभीर राहिली, मग खाली येऊन तिने आईला फोन लावला.

त्याआधी, फेब्रुवारीतल्या एका तासाला, ती हेलियमचं गणित घेत होती. दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन सुटे तोलले तर किती, एकत्र तोलले तर किती, आणि मधली तूट कुठे गेली. शेवटच्या बाकावर महाजन सर नवी वही घेऊन बसले होते. त्या शनिवारपासून ते रोज येत होते. पहिल्या दिवशी मुलं अवघडली, तिसऱ्या दिवशी विसरून गेली.

"सरांचं उत्तर वेगळं येतंय," त्या दिवशी त्यांच्या शेजारी बसलेल्या ललिताने सांगितलं. "तुटीची ऊर्जा काढायला नऊशे एकतीसने गुणायचं असतं, ते त्यांनी केलंच नाही."

सरांनी वहीत पाहिलं, खोडरबर घेतलं आणि पूर्ण ओळ खोडली. मग हात वर केला.

"मॅडम," ते म्हणाले, "इथपासून परत एकदा सांगता का? हे मला कॉलेजात असतानाच कळलं नव्हतं."

सारिकाने फळा पुसला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.